पाचव्या स्लॅबचा कटआउट ८५ मिमी सरकलाय, एक्झॉस्ट डक्ट कसा न्यावा?

मंडळी, तातडीने सल्ला हवा आहे. नाशिकला पार्किंग अधिक सात मजल्यांच्या इमारतीवर साइट इंजिनिअर आहे. टॉयलेट एक्झॉस्टचा उभा जीआय डक्ट (जस्त चढवलेल्या पत्र्याचा, हवा नेणारा चौकोनी पाइप) ४५० × ३०० मिमी, त्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेली भोकं, म्हणजे कटआउट, ५५० × ४००. म्हणजे चारही बाजूंनी ५० मिमी मोकळे.

काल गच्चीवरून ओळंबा सोडला. वाऱ्याने गोळा झुलत होता, म्हणून खाली पाण्याच्या बादलीत बुडवून स्थिर केला. पाचव्या मजल्याचा कटआउट पूर्वेला ८५ मिमी, सहाव्याचा पश्चिमेला २० मिमी सरकलेला निघाला. बाकीचे ठीक. ५५० मधून दोन्ही वजा केले तर सरळ रेषेत ४४५ उरतात. डक्ट ४५०! काँक्रीट ओतताना कटआउटची पेटी सरकली असणार, नुसती खिळ्यांवर होती.

मिस्त्री म्हणतात, पाचव्याची पश्चिमेची कड ब्रेकरने फोडू. पण कटआउटभोवती जादा सळया मीच बांधून घेतल्यात, त्या कापायला मन धजत नाही. डक्टवाला म्हणतो, ओढून बसवतो. मग फ्लँज (डक्टचे तुकडे बोल्टने जोडायच्या कडा) उघडे राहून हवा गळेल, वरच्या पंख्याचा जोर खालच्या टॉयलेटपर्यंत पोचायचाच नाही. काय करू?

प्रतिसाद : ब्रेकर अजिबात लावू नका. आरसीसी कन्सल्टंटच्या (इमारतीचा सांगाडा डिझाइन करणाऱ्याच्या) लेखी परवानगीशिवाय स्लॅबची सळई कापायची नाही. पाचव्यापाशी डक्ट पूर्वेला ६० मिमी घ्या, पश्चिमेला २५ मिमी फट मिळते. त्यासाठी स्लॅबच्या खाली एक आणि वर एक असे १२०० मिमीचे दोन तिरके पीस बनवून घ्या. १२०० मध्ये ६० म्हणजे जेमतेम ३ अंश, दाबात फरक नगण्य. तिरक्या पीसचे दोन्ही फ्लँज मात्र आडवे, लेव्हलमध्येच हवेत. जोड स्लॅबच्या जाडीत येऊ देऊ नका, तिथे बोल्ट आवळायला हात जात नाही. प्रत्येक स्लॅबवर अँगलचा आधार द्या, फटीत फायर सीलंट (आग-धूर अडवणारा मसाला) भरा. आणि ओळंबा चारही कोपऱ्यांत सोडलात का? कटआउट फिरलेलाही असू शकतो.

धागालेखक : मनापासून आभार. एकाच कोपऱ्यात सोडला होता. आत्ता चारही मोजले, पाचव्याचा ८ मिमी फिरलेलाही आहे, पण २५ च्या फटीत सामावतो. ब्रेकर परत पाठवला. मापं घेऊन मीच डक्टवाल्याकडे निघालोय, पीस बसले की इथे कळवतो.