मॉनिटरचा ब्राइटनेस कमी केल्यावर डोकेदुखी उलट वाढली

प्रश्न (हिशेबनीस, परळ)
मी परळच्या एका कार्यालयात रोज आठ तास चोवीस इंची मॉनिटरवर हिशेबाचे काम करते. गेले दोन महिने दुपारी चारच्या सुमारास भुवयांच्या वर ठणका लागतो, डोळे चुरचुरतात आणि परतीच्या लोकलमधून फलाटावरची पाटीही क्षणभर धूसर दिसते. सर्वांच्या सांगण्यावरून ब्राइटनेस 90 वरून 15 वर आणला. पांढरा एक्सेल तक्ता डोळ्यांना खुपेनासा झाला, पण चारला दुखणारे डोके आता जेवणाच्या सुट्टीआधीच दुखू लागले. नुकताच प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला असून नंबर बरोबर असल्याचे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले आहे. पडदा पिवळसर करणाऱ्या ‘नाइट लाइट’ सेटिंगनेही फरक पडला नाही. असे का होत असावे?

उत्तर (मॉनिटर दुरुस्ती, लॅमिंग्टन रोड)
ताई, ब्राइटनेस उतरवल्यावर त्रास वाढला, ही आपण सांगितलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. अनेक मॉनिटरांमध्ये, विशेषतः जुन्या आणि स्वस्त मॉनिटरांमध्ये, ब्राइटनेस कमी करताना मागच्या एलईडीचा प्रवाह कमी होत नाही. ते दिवे सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा चालू-बंद होतात आणि ब्राइटनेस जितका खाली, तितका बंद राहण्याचा काळ जास्त. ही लुकलुक नजरेला जाणवत नाही, परंतु काहींचे डोके तिने दुखते. शेजारच्या टेबलावरच्या व्यक्तीला काहीच होत नाही म्हणून आपली तक्रार खोटी ठरत नाही.

तपासणी सोपी आहे. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडून त्यासमोर पेन्सिल झपझप आडवी हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. कंगव्याच्या दातांसारख्या सुट्या सावल्या दिसल्या तर लुकलुक आहे. वेगवेगळ्या ब्राइटनेसवर हे करून, सावल्या जिथे नाहीशा होतात त्याच्या खाली उतरू नका. मग पांढरा रंग खुपला तर मेन्यूतून कॉन्ट्रास्ट कमी करा, कारण त्याने मागचा दिवा बदलत नाही. मॉनिटरमागच्या भिंतीवर एखाद्या दिव्याचा उजेड पाडा. अंधाऱ्या भिंतीपुढे कोणताही पडदा प्रखरच वाटतो. नवा मॉनिटर घेताना ‘फ्लिकर-फ्री’ असल्याची खात्री करा.

उत्तर (चष्म्याच्या काउंटरवर काम करणारी, दादर)
वरील उत्तर मला पटते, पण चष्म्याचाही विचार व्हावा. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचा, खालचा वाचनाचा आणि संगणकाच्या अंतरासाठी मधली अरुंद पट्टी असते. मॉनिटर उंच असेल तर त्या पट्टीतून पाहण्यासाठी हनुवटी नकळत वर जाते, मान आखडते आणि तोच ताण कपाळापर्यंत चढतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली आणि अंतर साधारण 60 सेंटीमीटर ठेवा. अक्षरे बारीक वाटली तर पुढे वाकण्याऐवजी स्केलिंग (पडद्यावरील अक्षरांचा व चिन्हांचा आकार) 125 टक्के करा. चुरचुरण्याचे कारण बहुधा वेगळे आहे: पडद्याकडे पाहताना आपण पापण्या फारच कमी मिटतो, आणि त्यात एसीचा झोत तोंडावर असेल तर डोळे कोरडे पडतात. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर मात्र खर्च करू नका. 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात त्यांचा डोळ्यांच्या थकव्यावर निदान अल्पकाळात तरी विशेष उपयोग आढळला नाही. डोकेदुखी अचानक तीव्र झाली, उलटी झाली किंवा दोन-दोन प्रतिमा दिसू लागल्या तर सेटिंग करत न बसता डॉक्टरांकडे जावे.

प्रश्नकर्ती (आठ दिवसांनी)
दोघांचेही मनापासून आभार. 15 वर पेन्सिलीच्या सात-आठ सुट्या सावल्या स्पष्ट दिसल्या आणि 75 च्या पुढे त्या गेल्या, म्हणून ब्राइटनेस 80 वर ठेवून कॉन्ट्रास्ट उतरवला. मॉनिटरखाली रचलेल्या दोन जाड फायलीही काढल्या. हनुवटी किती वर जात होती, हे त्या काढल्यावरच कळले. आठवड्यात डोके एकदाच दुखले, तेही महिनाअखेरीच्या दिवशी. डोळे अजून चुरचुरतात, कारण एसीची झडप थेट माझ्या टेबलावर आहे. जागा बदलून मिळावी असा अर्ज काल दिला आहे.