रोलिंग कोड आडवा येत नाही
गॅरेजचं दार गाडीतल्याच बटणाने उघडायचं म्हटलं की लोक सांगतात, रोलिंग कोडमुळे (दर वेळी बदलणाऱ्या कोडमुळे) गॅरेजच्या रिमोटची नक्कल होत नाही. मुद्दा बरोबर. पण नक्कल करायचीच कशाला? जास्तीचा रिमोट उघडा, त्याच्या बटणाच्या दोन टोकांना बारीक वायरी सोल्डर करा आणि त्या डॅशबोर्डवरच्या एखाद्या रिकाम्या पुश बटणाला जोडा. कोड रिमोटच बनवतो, बटण फक्त बोटाचं काम करतं. मात्र त्या बटणावर गाडीचे १२ व्होल्ट येत असतील तर मध्ये रिले (ते १२ व्होल्ट रिमोटपासून वेगळे ठेवणारा, विजेवर चालणारा स्विच) हवाच, नाहीतर रिमोटची राख.

मी ३ व्होल्टचा सेल काढून इग्निशन चालू असतानाच मिळणाऱ्या सप्लायवर स्टेप-डाउन (१२ व्होल्टचे ३ व्होल्ट करणारं सर्किट) लावला. कारण इथे अमेरिकेत आमची गाडी रात्री ड्राइव्हवेत उभी असते. सेल तसाच ठेवला असता आणि काच फोडून कोणी बटण दाबलं असतं तर थेट घरात! आणि हो, रिमोट पत्र्यामागे कोंबू नका, रेंज मरते.