किरकोळ प्राणीक्रौर्यावर खटला भरावा का?

निशिगंध

दिवाळीत आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी गाडीखाली झोपलेल्या कुत्रीवर पेटती लवंगी माळ फेकली. तिचं पोट आणि मागची मांडी भाजली, पण उपचारांनी बरी झाली. सीसीटीव्हीत सगळं दिसतंय. पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद (एनसी) झाली, कागदाची प्रत मिळाली आणि विषय संपला. तिथल्या हवालदारांनी नीट समजावून सांगितलं, "ताई, कोर्टात गेलात तरी जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड होईल."

त्यांचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांत तोच गुन्हा पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडून या कायद्याची वाट मोकळी केली होती. त्यातले दंडाचे आकडे मात्र आजही तेच आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर केला, त्याचा अजून कायदा झालेला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. प्रकरण कितीही लहान असो, खटला भरलाच पाहिजे. जखम किती झाली यावरून आपण गुन्हा किरकोळ ठरवतो, पण माळ फेकणाऱ्याने जखमेचं माप आधी ठरवलेलं नव्हतं. कुत्रीचा डोळा गेला असता तरी त्याचं कृत्य तेच होतं. दोनशे रुपयांची चोरी आपण चोरीच म्हणतो ना?

तुमची मतं वाचायची आहेत. भटक्या कुत्र्यांना खायला घालावं का, २०२५ च्या ऑगस्टमधले सर्वोच्च न्यायालयाचे आदेश बरोबर की चूक, हा वाद कृपया इथे नको.

माळरान

फटाक्याबद्दल दुमत नाही. असल्या माणसाला सोसायटीने उभं करून जाब विचारायला हवा होता. पण "प्रकरण कितीही लहान असो" या शब्दांना माझा ठाम विरोध आहे.

या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. चतुराच्या शेपटीला दोरा बांधणारं पोरही त्यात बसतं आणि नांगर धरताना बैलाला पराणीची टोकदार आर टोचणारा शेतकरीही. आता सांगा, खटले भरायला लागल्यावर पहिला कोण सापडेल? तुमच्या सोसायटीतला गृहस्थ वकील लावेल. सापडेल तो टांगेवाला, गाडीवान, मेंढपाळ, बाजाराला शेळ्या नेणारी बाई. ही माणसं जनावराला घेऊन उघड्यावर जगतात, म्हणून त्यांचं वागणं सगळ्यांना दिसतं. बंद दाराआड बाल्कनीत आठ-आठ तास बांधलेलं महागडं कुत्रं कुणाला दिसत नाही.

आणि शिक्षा फक्त पन्नास रुपये हे अर्धंच खरं आहे. खटला सुरू असताना जनावर जप्त करून पांजरपोळात किंवा गोशाळेत ठेवता येतं, आणि २०१७ च्या नियमांनी त्याच्या सांभाळाचा खर्च मालकावर टाकला आहे. निकालाला दोन वर्षं लागली तर शेतकऱ्याचे दोन हंगाम बैलाविना जातात. दंड पन्नास रुपये भरायचा, पण बैल गेला तो गेलाच. तुमच्या शेजाऱ्याकडून असं काय जप्त होणार आहे?

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या आठवा. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल होत होते हे मलाही मान्य आहे. पण त्या गाडीवानांचं पुढे काय झालं हे विचारायला किती प्राणीप्रेमी गेले?

कोर्टकचेरी

दोघांच्या मुद्द्यांत कायद्याची थोडी भर घालतो, कारण खरी अडचण दंडाच्या आकड्याच्या आधी सुरू होते.

कलम ११ मधले बहुतेक प्रकार अदखलपात्र आहेत. मारणं, उपाशी ठेवणं, जास्त ओझं लादणं, आखूड साखळीने बांधणं, या सगळ्यांत पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपासच करू शकत नाहीत. दखलपात्र आहेत ते मोजके: अवयव तोडणं किंवा क्रूर रीतीने ठार मारणं, प्राण्यांच्या झुंजी, सोडलेल्या प्राण्यांवर नेमबाजीच्या स्पर्धा, आणि कलम १२ मधला दूध वाढवण्यासाठी फुंका (जनावराच्या जननमार्गात हवा फुंकणं) किंवा घातक इंजेक्शनचा प्रकार. कलम १२ ला हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे म्हशीला पान्हा सोडण्यासाठी टोचणारा तबेलेवाला कायद्याच्या नजरेत जास्त गंभीर, आणि रोज रात्री दारू पिऊन कुत्र्याला पट्ट्याने मारणारा पन्नास रुपयांचा धनी.

दुसऱ्या टोकाला भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे. जनावराला ठार मारलं, विष घातलं, अपंग किंवा निकामी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेच्या कलम ४२८-४२९ मध्ये जनावराची दहा रुपये, पन्नास रुपये अशी किंमत बघायचे, ते आता गेलं. पण हे कलम मुळात नुकसानीच्या प्रकरणातलं आहे, त्यामुळे मालक नसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत बचावाचे वकील "नुकसान कुणाचं झालं?" असं विचारतातच.

म्हणजे पाय मोडला तर पाच वर्षं, नुसता ठेचला तर पन्नास रुपये. मधे काहीच नाही, आणि रोजचं क्रौर्य घडतं ते नेमकं या मधल्या जागेत. निशिगंध, तुमचं प्रकरणही तिथलंच.

सावली

मी शाळेत शिकवते, म्हणून मुलांपुरतंच लिहिते. मांजरीच्या पिल्लाला गोणीत घालून फिरवणारी, पोपटाचे पंख कापणारी, कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधणारी मुलं दरवर्षी दिसतात. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच होत नाही, बारापर्यंत समज किती आहे ते पाहतात, आणि अठरापर्यंत बाल न्याय मंडळ आहे. ही व्यवस्था मला योग्य वाटते. तिच्यापुढे जाऊन "उदाहरण घालून द्यायचं" म्हणून पोरांना ठाण्यात बसवू नका. एकदा पोलिसाची गाडी घराशी आली की त्या मुलाला गावात तेच नाव पडतं.

तरी दुर्लक्ष करा असंही मी म्हणणार नाही. अशा मुलांपैकी काहींच्या घरी आईला मार पडत असतो, आणि ते कळतं ते या मांजरामुळेच. तिथे चौकशी करणारं माणूस हवं.

निशिगंध

सावली, मुलांबाबत तुमच्याशी सहमत. माझा रोख मोठ्या माणसांवर आहे.

तुम्ही म्हणता तो धागा महत्त्वाचा आहे. अमेरिकेत एफबीआय २०१६ पासून प्राणीक्रौर्याची स्वतंत्र वर्गवारी करून नोंद ठेवते. आपल्याकडे ठाण्याच्या वहीतली एनसी कुणी पुन्हा उघडून बघत नाही. तोच माणूस पुढच्या दिवाळीत पुन्हा माळ फेकेल, आणि तीन वर्षांतल्या दुसऱ्या गुन्ह्याची वाढीव शिक्षा लागूच होणार नाही, कारण पहिला गुन्हा कधी कोर्टात शाबीतच झाला नाही. म्हणून दंड पन्नास असो की पाच, पहिला खटला उभा राहायला हवा.

पशुवैद्य

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात नोकरी केली आहे, त्यामुळे माळरान यांचा मुद्दा मला जवळून माहीत आहे. पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

गळीत हंगामात ऊस वाहणारे बैल तपासले आहेत. खांदेसूज इतकी की जू ठेवताना बैल मान फिरवतो, अंग आखडतो. पत्री (खुराची नाल) झिजलेली, डांबरावर खूर घसरतात, चढाला गुडघे टेकतात. वाहतुकीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत: दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. गाडीवर वजन किती घालायचं याचीही मर्यादा आहे. हंगामात हे नियम पाळले जाताना मी क्वचितच पाहिले.

आता गुन्हेगार कोण? गाडीवानाने मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती टनावर फिटते. कमी भरली तर कर्ज फिटत नाही. त्याच्यावर खटला भरणं मलाही अन्यायाचं वाटतं. पण प्रत्येक गाडी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जाते. गाडीचं वजन, उसाचं वजन, तारीख, वेळ, सगळं कारखान्याच्याच दप्तरात असतं. एवढा स्वच्छ पुरावा फौजदारी खटल्यात क्वचित मिळतो. मर्यादेबाहेरची गाडी ज्याच्या काट्यावर रोज मोजून उतरवून घेतली जाते, त्याला आरोपी का करू नये?

इस्लामपूरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये जुवाखाली आधाराचं चाक बसवून दाखवलं होतं, मानेवरचा भार त्याने कमी होतो. खटल्याची भीती असती तर कारखान्यांनी ते स्वतःहून गाड्यांना बसवून घेतलं असतं.

माळरान

डॉक्टर, काट्याचा मुद्दा बिनतोड आहे. पण पुढचं चित्र मला दिसतं ते सांगतो. कारखान्यावर पहिली नोटीस आली की दुसऱ्या दिवशी गाडीवानाला फर्मान सुटेल, "अमुक टनाच्या वर आणलंस तर गाडी परत." उचल मात्र तेवढीच राहील. नवरा-बायकोच्या कोयत्याला (ऊसतोडणीच्या जोडीला) त्याच पैशासाठी जास्त खेपा पडतील. बैलही जास्त चालतील आणि माणसंही. शेवटी कारखाना म्हणेल, बैलगाडीची कटकटच नको, हार्वेस्टर आणा. बीडहून येणाऱ्या माणसाकडे तोडणीशिवाय काय आहे?

बैलगाडा शर्यतीचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ते कायदे कायम ठेवले. आज चाबूक, काठी, विजेचा झटका, सगळ्याला मनाई आहे, परवानगीच्या अटी आहेत, जबर दंड आहे. शर्यतीच्या घाटात (धावपट्टीवर) बदल झाला तो या अटींमुळे, कारण पुढच्या वर्षीची परवानगी जाण्याची आयोजकांना धास्ती असते. किती जण तुरुंगात गेले यावर ते अवलंबून नव्हतं.

आणखी एक, यावर इथे कुणीच बोललं नाही. जनावरांच्या वाहतुकीतल्या क्रौर्याची कलमं हाताशी धरून रस्त्यावर गाड्या अडवणाऱ्या टोळ्या काय करतात हे गावागावात माहीत आहे. २०२५ मध्ये जनावरं विकत घेणाऱ्या कुरेशी व्यापाऱ्यांनी त्रासाला कंटाळून खरेदी बंद केली, तेव्हा भाकड जनावरं दावणीलाच राहिली आणि वैरणीचा भुर्दंड शेतकऱ्यावर पडला. "क्रौर्य" हा शब्द कुणाच्या हातात जातो, याचा विचार न करता खटले वाढवा म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

यॉर्कशायरकर

इंग्लंडमधली पद्धत सांगतो. गंभीर क्रौर्याला २०२१ पासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. लहान प्रकारांसाठी २०२२ मध्ये वेगळा कायदा करून दंडाची नोटीस देण्याची सोय केली, कमाल ५,००० पौंड. आणि कोर्ट एखाद्याला काही वर्षं किंवा जन्मभर प्राणी पाळायला बंदी करू शकतं. इथल्या लोकांना दंडापेक्षा ती बंदी जास्त झोंबते. आपल्याकडे असं का नको?

माळरान

जागेवर दंडाची नोटीस? आपल्याकडे ती कुणाच्या हातात द्यायची? बाजाराच्या दिवशी चेकनाक्यावर उभं राहून बघा, मग बोलू.

कोर्टकचेरी

बंदीची तरतूद आपल्याकडेही आहे. कलम २९ खाली कोर्ट दोषी मालकाकडून जनावर काढून घेऊ शकतं आणि पुढे पाळायलाही मनाई करू शकतं. पण त्यासाठी आधी दोष सिद्ध व्हावा लागतो, तिथे निशिगंध यांचाच मुद्दा येतो.

न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आणली. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, अशा मोजक्या गुन्ह्यांना ती लागू आहे. प्राणीक्रौर्य त्या यादीत नाही, आणि ही मला मोठी उणीव वाटते. फटाका फेकणाऱ्याला महिनाभर पशुरुग्णालयात भाजलेल्या जनावरांची मलमपट्टी करायला लावता आली असती. उलट २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी सौम्य केल्या. किरकोळ गुन्ह्यांतून तुरुंग काढायचा हा कल आहे, त्यामुळे संसद कलम ११ कडक करेल अशी आशा मला फारशी नाही.

निशिगंध, तुमच्यासाठी महत्त्वाचं: या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. पोलिसांनी एनसी घेऊन सोडून दिलं असलं तरी तुम्ही थेट दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करू शकता. नव्या फौजदारी प्रक्रियेत कोर्टाने दखल घेण्याआधी आरोपीलाही ऐकून घेतलं जातं. सीसीटीव्हीचं चित्रण आत्ताच काढून, ते खरं असल्याच्या प्रमाणपत्रासह ठेवा, बहुतेक सोसायट्यांत ते काही आठवड्यांत पुसलं जातं. उपचाराची कागदपत्रंही सांभाळा.

निशिगंध

धन्यवाद. चित्रण माझ्याकडे आहे, प्रमाणपत्र घेते. तक्रार करणार आहे, पन्नास रुपयांचा दंड झाला तरी.

माळरान, जप्तीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला आधी माहीत नव्हतं, आणि पहिल्याच गुन्ह्यात कामाचं जनावर काढून नेणं मलाही चूक वाटतं. पण गरिबाला त्रास होईल म्हणून माळ फेकणाऱ्याला सोडा, हे मी मान्य करू शकत नाही.

माळरान

त्याला सोडा असं मी म्हटलेलंच नाही. कायद्यात एवढं लिहा: ज्या जनावरावर पोट आहे ते पहिल्या गुन्ह्यात जप्त होणार नाही, आणि ओझ्याच्या गुन्ह्यात आधी काट्याचा मालक आरोपी होईल. ही दोन वाक्यं मसुद्यात आली तर तुमच्या निवेदनावर माझी सही घ्या. तोवर माझा विरोध आहे.

पशुवैद्य

दुसऱ्या वाक्यासाठी कायदा बदलायची वाट बघायला नको. मालकाने वाजवी देखरेख ठेवली नाही तर तो दोषी, असं कलम ११ मध्येच आहे, आणि मालक या शब्दात ज्याच्या ताब्यात जनावर आहे तोही येतो. कारखान्यापर्यंत हे पोचतं का, वकील साहेब?

कोर्टकचेरी

बैल कारखान्याच्या ताब्यात नसतात, त्यामुळे त्या वाटेने कठीण आहे. पण कलम ११ मध्ये मालकाबरोबर जादा ओझं लादायला लावणाराही येतो. मर्यादेबाहेरची गाडी कारखान्याने रोज स्वीकारली, तिचे पैसे दिले आणि तरी काही केलं नाही, हे काट्याच्या नोंदींवरून दाखवता आलं तर युक्तिवाद उभा राहतो. असा खटला लढवलेला माझ्या पाहण्यात नाही. हंगामातल्या पावत्या कुणी जमवून आणल्या तर मी फी न घेता उभा राहीन.