मदत हवी आहे: टाळी जुळते, पण पुढे ओठ आणि आवाज वेगळे पडतात

सोलापुरातल्या चादर कारखान्यावर कॉलेजच्या पाच जणांची शॉर्ट फिल्म चालू आहे, सगळं मोबाइलवर. ट्यूबलाइटचं फ्लिकर (चित्रातली लुकलुक) सुटलं: आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर लॉक. (१/६० ला पट्टे सरकत होते.) अडलंय आवाजावर. कॉलर माइक दुसऱ्या मोबाइलला, ४८ किलोहर्ट्‌झवर. चित्र-आवाज जुळवायला सुरुवातीला वाजवलेली टाळी अचूक बसते, पण १२ मिनिटांच्या सलग मुलाखतीत शेवटाकडे ओठ मागे राहतात. मोबाइलचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) कमीजास्त होत असणार. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (एकसारखा) २५ करून मग एडिटला घ्यावं, की टेकच दोन-दोन मिनिटांचे ठेवून शेवटीही टाळी वाजवावी? आणि माग बंद ठेवून संवाद घेतले, खडखडाट वेगळा रेकॉर्ड करून खाली टाकला, तर तो खोटा वाटतो का?