मदत हवी आहे: राउटरच्या एका इंटरफेसवर आयपीएक्स चालत नाही

मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात जकार्डची डिझाइनं अजून नेटवेअर ३.१२ (नॉव्हेलची जुनी सर्व्हर प्रणाली, आयपीएक्स या नेटवर्क प्रोटोकॉलवर चालणारी) च्या सर्व्हरवर आहेत. (हसू नका, मालक म्हणतात चाललंय तोवर चालू दे.) जुन्या सिस्को राउटरवर आयपीएक्स राउटिंग चालू केलं, दोन्ही इथरनेटला वेगळे नेटवर्क नंबर दिले. राउटरवर 'शो आयपीएक्स सर्व्हर्स' मारलं की सापडलेल्या सर्व्हरांची यादी कोरी. सॅप अपडेट (सर्व्हर आपल्या सेवा जाहीर करतो तो संदेश) ६० सेकंदांनी यायला हवा, मी चहा पिऊन आलो तरी शुकशुकाट.

सर्व्हर ८०२.२ फ्रेमवर (इथरनेट पॅकेटच्या मांडणीचा एक प्रकार) आहे आणि मी राउटरवर एन्कॅप्सुलेशन, म्हणजे फ्रेमचा प्रकार, दिलंच नाही, म्हणजे डीफॉल्ट नॉव्हेल-इथर, ८०२.३. तिथे 'सॅप' (सिस्कोत ८०२.२ चं नाव, वरच्या सॅप अपडेटशी संबंध नाही) टाकेन, पण त्याच वायरवर स्टोअरचा डॉसवाला पीसी ८०२.३ वरच आहे. मग दुसरा नेटवर्क नंबर त्याच इंटरफेसवर सेकंडरी म्हणून देऊ की सबइंटरफेस (त्याच पोर्टचा तार्किक भाग) करू? हात लावायला फक्त रविवारची रात्र मिळते.