सकाळी पहिलं पाऊल टेकवताना टाचेत कळ: देवघर असलेल्या स्वयंपाकघरात चप्पल घालता का कुणी?

पोळपाटवाली:
मी डोंबिवलीत घरातूनच पोळीभाजीचे डबे देते. पहाटे साडेचारला कणीक मळायला उभी राहते ती अकराला शेवटचा डबा गेला की बसते. रोजच्या अडीचशे पोळ्या. एकादशीला तेवढ्या कमी.

फेब्रुवारीपासून उजवी टाच धरलीय. उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं भिंत धरून टाकते, खिळा घुसल्यासारखं होतं. मग पाय चालता झाला की विसरायला होतं. दुपारी अर्धा तास पडले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलंय म्हणाले. आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि 'जास्त उभं राहू नका' म्हणून सांगितलं. डबे काय डॉक्टर देणार आहेत?

एक बाई म्हणाली, घरात मऊ चप्पल घाल. पण आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे, सासूबाईंना चप्पल चालत नाही. हाड वाढलंय म्हणजे ऑपरेशनच का? आणि उभं राहणं सुटणार नसेल तर काय करायचं?

घंटी_दोन_वेळा:
ताई, एसटीत २८ वर्षं कंडक्टर होतो. आमच्यात निम्म्या लोकांना हे दुखणं. गावाकडचा उपाय सांगतो. वीट चुलीवर तापवायची, वर रुईचं पान ठेवायचं आणि त्यावर टाच टेकवायची. मला बरं वाटायचं. रुईचा चीक मात्र डोळ्याला लागू देऊ नका.

फिजिओ_सांगली:
काका, शेकानं बरं वाटतं हे खरं. पण मधुमेहात तळपाय बधिर झालेला असला तर चटका कळत नाही आणि फोड येतात. त्यामुळे सरसकट सगळ्यांना वीट नको.

ताई, आधी हाडाचं. टाच अजिबात दुखत नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेतही ते टोक दिसतं. तुम्ही सांगताय त्यावरून दुखणं बहुधा टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याचं आहे, प्लांटर फॅशिया म्हणतात त्याला. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून सकाळची कळ. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते. बरं व्हायला महिने लागतात हे मात्र आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तीन आठवड्यांत व्यायाम सोडाल.

अंथरुणातून उठण्याआधी उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या, बोटं हातानं नडगीकडे ओढा, दहा आकडे मोजा. असं दहादा. मगच पाय खाली.

दुसरा व्यायाम दिवसाआड. जिन्याच्या पायरीवर कठडा धरून उभं राहायचं. टॉवेलची गुंडाळी बोटांखाली, टाच पायरीबाहेर. तीन मोजत टाच वर, दोन मोजेपर्यंत थांबायचं, तीन मोजत खाली. बारा वेळा, जमेल तसे तीन फेरे. सुरुवातीला दोन्ही पायांवर केलं तरी चालेल. थोडं दुखेल, पण दुसऱ्या सकाळी कळ वाढली तर कमी करा.

आणि अनवाणी फरशीवर साडेसहा तास नको, यात मी ऐकणार नाही. टाच सुजून लाल झाली, मुंग्या येऊ लागल्या किंवा रात्री झोपेतही ठणकू लागली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

खडू_फळा:
मी शिक्षिका. मला डाव्या टाचेत इंजेक्शन दिलं होतं. महिना-दीड महिना स्वर्ग, मग परत जैसे थे. पायरीचा व्यायाम नेमानं केला तेव्हा कुठे आठ महिन्यांनी सुटले. चपलेचं म्हणाल तर आमच्याकडेही सोवळं-ओवळं होतं. मी कोरी रबरी जोडी आणली, सासूबाईंसमोर नळाखाली धुतली आणि म्हटलं, ही उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही. चार दिवस बोलल्या नाहीत. आता स्वतः तसलीच घालतात.

पोळपाटवाली:
सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले. सासूबाईंनी तोडगा काढला: देवघर बाहेरच्या खोलीत फडताळात हलवलं. म्हणाल्या, देवाला काय, तिथे वारा तरी लागेल. मला चपलेवरून भांडायची तयारी होती, ती वाया गेली.

दुसरं, मदतीला येणाऱ्या मावशी आणि मी आता काम वाटून घेतो. लाटणारीनं टेबलापाशी बसायचं, भाजणारीनं उभं राहायचं, पन्नास पोळ्या झाल्या की अदलाबदल. आधी मी दोन्ही उभ्यानंच करायचे, का ते मलाही सांगता येणार नाही. बसून लाटताना पहिले दोन दिवस पोळीला आकारच येईना. एका गिऱ्हाइकानं विचारलं, आज नकाशे का पाठवलेत?

भिंत धरायची पावलं बारावरून पाच-सहावर आलीत. गणपतीत उकडीच्या मोदकांची ऑर्डर असते, तेव्हा चार दिवस बसणं शक्य नाही. फिजिओताई, त्या दिवसांत पायरीचा व्यायाम चालू ठेवू की बंद?

फिजिओ_सांगली:
ते चार दिवस पायरी बंद, अंथरुणातला ताण चालू. आणि मोदक वळायला बसूनच घ्या हो, उभ्यानं कोण वळतं!