मदत हवी आहे: आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डसोबत प्रोसेसरही बदलावा का?

नमस्कार मंडळी, म्हापशाहून विचारतोय. प्रोसेसर रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम (३२०० वर, दोन स्टिक), १०८०पी १४४ हर्ट्झ मॉनिटर. जुनं आरएक्स ५८० कार्ड काढून आरटीएक्स ४०६० बसवलंय.

गर्दीच्या गेममध्ये कार्डचा वापर ६०-६५ टक्क्यांवरच अडतो, प्रोसेसरचे एक-दोन कोअर मात्र ९५ च्या वर. सेटिंग अल्ट्रावरून लो केली तरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तेवढाच, म्हणजे अडचण प्रोसेसरचीच. पण काही गेम अल्ट्रावर मध्येच झटके खातात, तेव्हा ८ जीबी व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) भरलेली दिसते, मग डेटा बोर्डावरच्या रॅममधून आणावा लागतो. त्यासाठी हे कार्ड आठच लेन (डेटाचे मार्ग) वापरतं आणि बी४५० वर त्याही जुन्या, हळू पीसीआयई ३.० च्या, ते दुखणं नव्या प्रोसेसरने जाणार नाही असं मला वाटतं. बरोबर ना?

नवा प्रोसेसर रायझन ५७००एक्स३डी घ्यावा की ५६०० पुरेल? पहिल्यासोबत कूलर येत नाही, शिवाय तो १०५ वॅटचा. माझ्या बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक, म्हणजे उष्णता काढणारी धातूची पट्टी, नाही, खोलीत एसी नाही. अशा बोर्डावर कुणी चालवलाय का? व्हीआरएमचं तापमान किती जातं?

नवा प्रोसेसर ओळखला जावा म्हणून बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर असतानाच अपडेट करणार, तेही यूपीएसवर. पावसात इथे विजेचा भरवसा नाही.